कलाकाराने फक्त स्वतःच्याच ओळखीचं पात्र करावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटक असो, मालिका असो, सिनेमा असो की नुसतं आवाजाचं काम, पात्रनिवडीला बसलं की हे प्रश्न निघतातच. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, अवघड पुढे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. अभिनय म्हणजेच परकायाप्रवेश. मग हा वाद मुळात कशासाठी?

अभिनय परकायाप्रवेशच आहे, आणि तो कुणाला मना करावा असं आम्हाला वाटत नाही. खुन्याचं काम करायला खून करावा लागत नाही. दुखणं वेगळं आहे: हा प्रवेश एकाच दिशेने होतो. डोळस नट अंधाचं काम करतो. अंध नटाला मात्र वकिलाचं, मास्तरांचं, प्रियकराचं काम कुणी देत नाही, आणि अंधाचं काम निघालं की तेही डोळस नटाकडेच जातं.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. काम कुणाला मिळतं, ही एक (प्रश्न ५). काम खरं उतरतं का, ही दुसरी (प्रश्न ८). दुसऱ्याचं शरीर मुखवट्यासारखं चढवणं, ही तिसरी (प्रश्न ४). एक जण संधीबद्दल बोलतो आणि दुसरा त्याला अभिनयाच्या स्वातंत्र्याचं उत्तर देतो, म्हणून बहुतेक भांडणं मिटत नाहीत.

२. 'ओळख' म्हणजे नेमकं काय धरायचं?

सहज उतरवून ठेवता येत नाही आणि जिच्यामुळे लोकांची वागणूक बदलते, ती ओळख. वंश, लिंग, अपंगत्व, लैंगिकता, जात, धर्म, मातृभाषा. पेशा, स्वभाव, छंद यात येत नाहीत.

वय मधेच बसतं. पंधरा वर्षांच्या पात्राला विशीतला नट घेतात, कारण लहान मुलांच्या कामाच्या तासांवर बऱ्याच ठिकाणी कायद्याची बंधनं असतात. त्यात फारसं बिघडत नाही. पंधरावं वर्ष सगळ्यांनी पाहिलेलं असतं. उलट तरुण अभिनेत्रीला पांढरे केस लावून आजी करण्याआधी थांबा. साठीच्या पुढच्या अभिनेत्रींना आधीच भूमिका कमी असतात.

३. पूर्वी पुरुषच स्त्रीभूमिका करायचे. तेव्हा काय बिघडलं?

बालगंधर्वांच्या भूमिकांचं मोल यामुळे कणभरही कमी होत नाही. समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाला ठाऊक होतं, त्या संकेतातच ती कला फुलली. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती अण्णा साळुंके यांनी केली, आणि १९१७ मध्ये त्यांनीच एका चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया १६६० मध्ये आल्या. जपानमध्ये १६२९ मध्ये काबुकीतून स्त्रियांना बंदी झाली.

बिघडलं ते रंगमंचावर दिसत नाही. ज्या बायका त्या काळात उत्तम नटी झाल्या असत्या, त्यांची नावंच आपल्याकडे नाहीत. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई १९१३ मध्येच पडद्यावर आल्या, म्हणजे काम करू शकणाऱ्या स्त्रिया होत्याच. आज पुरुषाने संकेत म्हणून स्त्रीपात्र करायला हरकत नाही, कारण स्त्रियांना आता दार उघडं आहे. सारा बर्नहार्ट यांनी १८९९ मध्ये हॅम्लेट केला, तोही याच वाटेने आजही करता येईल. ट्रान्स स्त्रीचं (जन्मतः पुरुष मानली गेलेली, पण स्वतः स्त्री असलेली व्यक्ती) पात्र वेगळं, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

४. रंग लावून दुसऱ्या वंशाचं पात्र केलं तर? मेकअप तर सगळेच करतात.

करू नका. इथे उत्तर थेट आहे.

रंगभूषेने माणूस थकलेला, आजारी, म्हातारा दाखवणं वेगळं आणि वंश 'लावणं' वेगळं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवणारे खेळ करत. त्या खेळांनी एका अख्ख्या समाजाची प्रतिमा घडवली. दुसरं नुकसान कामाचं. १९३७ मध्ये 'द गुड अर्थ'मधली चिनी नायिका लुईस रेनर या गोऱ्या अभिनेत्रीने केली आणि तिला ऑस्कर मिळालं. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नावाजलेली अभिनेत्री तेव्हा हॉलिवूडमध्येच होती. नायक गोरा नट ठरला होता, आणि वेगवेगळ्या वंशांच्या कलाकारांना जोडी म्हणून दाखवणं त्या काळची नियमावली टाळायला लावत होती. रंगाने मुळात जी अडचण निर्माण केली, तीच पुढे वाँगला नाकारण्याचं कारण झाली.

हेच घराजवळच्या रूपात पाहायचं तर गोऱ्या अभिनेत्रीला सावळा रंग लावून गरीब किंवा आदिवासी स्त्री दाखवतात. रंग घामाने गळ्याशी फुटतो, कॉलरला लागतो, कानामागे आणि तळहातावर उघडा पडतो. आणि सावळी अभिनेत्री ऑडिशनच्या बाहेरच्या बाकावर बसलेली असते.

५. एकच नियम सांगा: कोणती भूमिका फक्त त्याच ओळखीच्या कलाकाराला द्यायची?

'फक्त' नाही, 'आधी' म्हणा. तीन प्रश्न विचारा.

पात्राची ही ओळख गोष्टीच्या मध्यभागी आहे का? या समूहाच्या कलाकारांना एरवी काम मिळतं का? शिकायला वर्षं लागतात असं काही या भूमिकेत शरीराने किंवा भाषेने करायचं आहे का?

दोन उत्तरं ठरल्याप्रमाणे आली (ओळख मध्यभागी आहे, एरवी काम मिळत नाही, शिकायला वर्षं लागतात) तर त्या समूहात आधी आणि मनापासून शोधा. तिन्ही तशी आली, तर न सापडल्यास संहिता किंवा वेळापत्रक बदला, नट बदलू नका. एकच आली तर तुम्ही मोकळे आहात. मधला प्रश्न सगळ्यात वजनदार आहे, कारण त्याचं उत्तर काळाप्रमाणे बदलतं. उद्या कर्णबधिर नटांना बँक मॅनेजरच्या, पोलिसाच्या भूमिका सर्रास मिळू लागल्या, तर कर्णबधिराची भूमिका ऐकू येणाऱ्याने केली म्हणून इतकं टोचणार नाही.

६. शोधलं, पण कुणी मिळालंच नाही. मग?

बहुतेक वेळा शोध चुकलेला असतो. नेहमीच्या ओळखीच्या ग्रुपवर जाहिरात टाकली, आणि त्या ग्रुपमध्ये आजवर न घेतलेली माणसं कशी असतील? 'पाच वर्षांचा अनुभव हवा' लिहिलं, पण अनुभव द्यायला कुणी तयार नव्हतं. ऑडिशन लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ठेवली.

असं करा. जाहिरात त्या समूहाच्या संस्था, शाळा, क्लब, हौशी नाट्यगट यांच्याकडे पाठवा. कर्णबधिरांसाठी साइन लँग्वेजमधला व्हिडिओ करा. अंध कलाकाराला संहिता युनिकोडमध्ये टाइप करून द्या. जुन्या फाँटमधली मराठी स्क्रीन रीडर (मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) भलत्याच अक्षरांची जंत्री करून वाचतो, आणि पानांचे फोटो असलेली पीडीएफ त्याला वाचताच येत नाही. अनुभवाची अट काढा, त्याऐवजी दोन फेऱ्या घ्या आणि मधे एक दिवसाची कार्यशाळा ठेवा. नेहमी जेवढा वेळ देता त्याच्या दुप्पट धरा.

ऑडिशनच्या जागेचं मापही घ्या. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दार ९० सेंटिमीटर मोकळं, खुर्ची वळायला दीड मीटर जागा, आणि तसंच स्वच्छतागृह. चित्रीकरणात सगळ्यात आधी विसरली जाते ती मेकअप व्हॅनची पायरी.

७. नाव नसलेल्या कलाकारावर पैसे कोण लावणार?

नाव भूमिकेमुळेच होतं. मार्ली मॅटलिन या कर्णबधिर अभिनेत्रीला १९८७ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्यानंतर अभिनयाचं ऑस्कर मिळवणारा कर्णबधिर कलाकार यायला २०२२ उजाडलं. तो ट्रॉय कोत्सर. मधल्या पस्तीस वर्षांत गुणी माणसं नव्हती असं मानणं कठीण आहे, भूमिका नव्हत्या. कोत्सरच्या त्या चित्रपटात मॅटलिनही होती, आणि बाकीची कर्णबधिर पात्रं ऐकू येणाऱ्या नटांना दिली तर आपण काम करणार नाही असं तिने बजावलं होतं.

व्यवहाराचा तोडगा सोपा आहे. पोस्टरवरचं नाव दुसऱ्या मोठ्या भूमिकेत ठेवा: भाऊ, डॉक्टर, बायको. पैसे त्या नावावर उभे राहतात आणि मधली भूमिका नव्या माणसाला मिळते.

८. नक्कल उत्तम जमली तर प्रेक्षकाला फरक कळतो का?

ज्याने ते आयुष्य पाहिलेलं नाही त्याला बहुधा कळत नाही. ज्याने पाहिलंय त्याला पहिल्या मिनिटात कळतं.

साइन लँग्वेज म्हणजे खुणांची यादी नाही. भुवया, गाल, ओठ, मान हे तिचं व्याकरण आहे. अनेक साइन भाषांत हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. संवादापुरते हात पाठ केलेला नट नाचाच्या मोजणीसारखी एकेक खूण करतो आणि चेहरा कोरा राहतो. समोरचा खुणांनी बोलत असताना कर्णबधिर माणसाची नजर बहुतेक वेळ त्याच्या चेहऱ्यावर असते, हात कडेच्या नजरेने कळतात. नवशिका हातांकडे टक लावतो आणि तिथेच पकडला जातो. कॅमेराही चुकतो: वाक्य चालू असताना क्लोजअपवर गेलात की हात चौकटीबाहेर, म्हणजे अर्धं वाक्य कापलं.

पांढऱ्या काठीचं तसंच. उजवा पाय पुढे जातो तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकतं, कारण पुढचं पाऊल तिथे पडणार असतं. डोळस नट ती समोर नुसती वाजवत चालतो. शिवाय नजर एका जागी गोठवतो. खरं तर अंध म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक लोकांना उजेड, सावली, हालचाल असं थोडं तरी दिसतं.

व्हीलचेअर रोज वापरणारा माणूस चाकाच्या कडीला एक लांब ढकल देतो आणि हात सोडतो. नवखा छोटे छोटे झटके देत राहतो. त्यातून प्रॉडक्शन आणतं इस्पितळातली जड खुर्ची, मागून दुसऱ्याने ढकलायची. रोजची खुर्ची हलकी आणि त्या माणसाच्या मापाची असते. पलंगावर सरकताना नटाचा पाय नकळत जोर लावतो आणि मांडीचा स्नायू ताणलेला दिसतो. या शेवटच्या चुकीवर तालमीचा इलाज चालत नाही, शरीर आपलं काम करतंच.

९. पात्र अर्ध्या गोष्टीत धडधाकट आणि अर्ध्यात अपंग आहे. तेव्हा?

हा खरा अपवाद आहे. आधी मोजा: 'आधी'चे प्रसंग किती? दोन-तीन असतील तर ते वेगळ्या तरुण कलाकाराला द्या, पाठमोरे घ्या किंवा फक्त संवादातून सांगा. कृत्रिम पाय वापरणारे कलाकार पॅन्ट घालून चालण्याचे प्रसंग सहज करतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. 'आधी' निम्म्याहून जास्त असेल, किंवा आजार हळूहळू वाढत जाणारा असेल, तर अपंगत्व नसलेला नट घेणं आम्हाला चूक वाटत नाही. मात्र त्या आजारासोबत जगणारा माणूस तालमीपासून जोडीला हवा (प्रश्न १५).

उलटं उदाहरणही आहे. युद्धकाळात लष्करी सेवेत दोन्ही हात गमावलेले हॅरोल्ड रसेल यांनी १९४६च्या एका चित्रपटात हात गमावलेल्या खलाशाचं काम केलं. अभिनयाचं शिक्षण नव्हतं. त्या एकाच भूमिकेसाठी त्यांना दोन ऑस्कर मिळाली.

१०. समलिंगी पात्रासाठी नटाला त्याची लैंगिकता विचारायची का?

नाही. थेट नाही, आडून नाही, त्याच्या मित्रांकडून नाही. ही ओळख चेहऱ्यावर दिसत नाही आणि सांगायची की नाही, कधी सांगायची, हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. किट कॉनर या ब्रिटिश अभिनेत्याला १८व्या वर्षी, २०२२ मध्ये, 'तू खरा कोण ते सांग' असा ऑनलाइन धोशा लागल्यावर आपण उभयलैंगिक (बायसेक्शुअल) असल्याचं जाहीर करावं लागलं. तो काम करत होता ती मालिका समलिंगी तरुणांना धीर देणारी होती, आणि धोशा लावणारे स्वतःला तिचे चाहते म्हणवत होते.

जाहिरातीत एवढंच लिहा: 'या समूहातल्या कलाकारांनी जरूर यावं.' कुणी आपणहून सांगितलं तर ते कास्टिंगच्या खोलीबाहेर जाऊ देऊ नका.

११. ट्रान्स पात्राबाबत लोक इतके आग्रही का असतात?

पुरुष नट साडी नेसून ट्रान्स स्त्री झाला आणि पुरस्कार घ्यायला सूट घालून आला, की 'ट्रान्स स्त्री म्हणजे वेश केलेला पुरुष' हा गैरसमज पक्का होतो. त्या गैरसमजाची किंमत रस्त्यावर, घर भाड्याने शोधताना, नोकरी मागताना मोजावी लागते. २०१५च्या चित्रपटात ट्रान्स स्त्री साकारणाऱ्या एडी रेडमेन यांनी २०२१ मध्ये ते काम घेणं चूक होती असं म्हटलं. स्कार्लेट जोहान्सन २०१८ मध्ये आणि हॅली बेरी २०२० मध्ये ट्रान्स पुरुषाच्या भूमिकेतून टीकेनंतर बाजूला झाल्या.

प्रश्न ५ची तिन्ही उत्तरं इथे बहुधा ठरल्याप्रमाणे येतात. ओळखीचा पुरावा मात्र मागू नका. प्रश्न १०चा नियम इथेही लागू आहे.

१२. जात, धर्म आणि बोलीचं काय?

जात विचारू नका, आडनावावरून ओळखायचाही प्रयत्न करू नका. हजारो वर्षं माणसाचं काम जातीवरून ठरलं, कास्टिंगने ते पुन्हा सुरू करू नये. आक्षेप तरीही खरा आहे: वंचितांच्या गोष्टी पडद्यावर येतात, पण लिहिणारे, दिग्दर्शन करणारे, मुख्य भूमिका करणारे वर्षानुवर्षं तेच राहतात. त्यावर उपाय ऑडिशनच्या दारात नसून शोध कुठे घेता यात आहे (प्रश्न ६).

बोली मात्र कामाचा भाग आहे, ती ऐकून तपासा. शब्द पाठ होतात, हेल होत नाही. रागावण्याचा प्रसंग करायला लावा. राग आला की पाठ केलेली बोली सुटते आणि नटाची स्वतःची बाहेर येते.

१३. ओळख जुळवायची, मग अल्पसंख्य कलाकाराने राजा-राणी, ऐतिहासिक भूमिका करू नयेत का?

कराव्यात. दिशा एकच नाही. आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय अमेरिकी नटाने १८३३ मध्ये लंडनला ऑथेल्लो केला, आणि पुढे युरोपभर लिअर, शायलॉकही केले. ज्यांना काम मिळत नाही त्यांना दार उघडणं आणि ज्यांना सगळंच मिळतं त्यांना आणखी एक दार उघडणं, हे सारखं नाही.

यातही मतभेद आहेत. कृष्णवर्णीय अमेरिकी नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी १९९६ मध्ये वंशाकडे डोळेझाक करून केलेल्या पात्रनिवडीला विरोध केला: आमच्या नटांना तुमच्या गोष्टींत बसवू नका, आमच्या रंगभूमीला पैसा द्या. आम्हाला वाटतं दोन्ही लागतं, पण त्यांचा मुद्दा खोडता येत नाही. डोळेझाक करून निवड केली तर नकळत अर्थ निघतात. आई-वडील एका वंशाचे, मुलगा दुसऱ्या आणि नोकर तिसऱ्या, तर प्रेक्षक त्यातून काहीतरी वाचणारच. जाणीवपूर्वक निवडा.

१४. एकाच पात्राच्या दोन ओळखी असतील आणि एकच जुळत असेल तर?

लिंडा हंट यांना १९८४ मध्ये पुरुषाच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. तो पुरुष चिनी-ऑस्ट्रेलियन होता, हंट गोऱ्या अमेरिकन. स्त्रीने पुरुष करणं आजही दाद मिळवतं, त्याच भूमिकेतलं वंशाचं सोंग खटकतं. भूमिका एकच, हिशोब दोन. प्रत्येक ओळखीला प्रश्न ५ वेगळा लावा, सरासरी काढू नका.

१५. सल्लागार नेमला की झालं का?

सल्लागार शेवटच्या आठवड्यात बोलावला तर तो फक्त शिक्का मारतो. त्याला संहितेच्या दुसऱ्या खर्ड्याला आणा, मानधन द्या, आणि कुठल्या गोष्टीत त्याचा 'नाही' चालेल हे लिहून ठरवा. कर्णबधिर पात्र असेल तर साइन लँग्वेजचा सल्लागार संपादनाच्या खोलीतही हवा, तिथेच वाक्यं कापली जातात. सेटवरचे दुभाषी वेगळे आणि ते दोन लागतात; वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून काम केलं नाही तर चुका वाढतात. एकच सल्लागार म्हणजे अख्खा समाज नव्हे. जमल्यास दोघं घ्या, त्यांचं एकमेकांशी पटलं नाही तर संहितेचा फायदाच आहे.

१६. फक्त आवाजाचं काम आहे, चेहरा दिसतच नाही. तिथे काय?

आवाजात वंश नसतो, पण वंशाची नक्कल असते. २०२० मध्ये काही अमेरिकी ॲनिमेशन मालिकांतून गोरे कलाकार इतर वंशांच्या पात्रांच्या आवाजातून बाजूला झाले. चाचणी सोपी आहे: पात्राचं हसू हेल काढण्यावरच उभं असेल तर बदला. डबिंगला हे सगळं तितकं लागू होत नाही, तिथे आवाज मूळ कामाला बांधलेला असतो.

१७. शाळेचं किंवा हौशी नाटक आहे. माणसंच पंधरा. इतकं पाळायचं कसं?

शिकण्यासाठी केलेल्या नाटकात मुलांनी कुठलंही पात्र करावं. रंग फासणं (प्रश्न ४) आणि लकबींची टवाळी, एवढं सोडा.

संहितेचे हक्क मात्र तपासा. सॅम्युएल बेकेट यांना 'वेटिंग फॉर गोदो'मध्ये स्त्रिया चालत नसत, आणि १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये हा वाद न्यायालयात गेला. पात्राचं लिंग बदलायचं तर परवानगी लेखी मागा, तालीम सुरू होण्याआधी.

१८. यात कायदा काय म्हणतो?

देशागणिक वेगळं. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली लिंग, धर्म, राष्ट्रीय मूळ ही कामाची खरी गरज ठरू शकते, वंश ठरू शकत नाही. म्हणून जाहिरातीत पात्राचं वर्णन करतात, उमेदवारावर अट घालत नाहीत. ब्रिटनचा २०१०चा समानता कायदा कामाची गरज सिद्ध झाल्यास अट घालू देतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल सूचना दिल्या: हिणवणारे शब्द टाळा, चित्रण अचूक करा, अपंग व्यक्तींना सहभागी करून घ्या. नट अपंगच हवा असं त्यात नाही.

१९. मी नट आहे. माझ्या ओळखीबाहेरची भूमिका आली आहे. नाकारू का?

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. या समूहातल्या किती जणांची ऑडिशन झाली? सल्लागार कोण आणि कधीपासून आहे? त्या समूहातलं कुणी लेखनात, दिग्दर्शनात, छोट्या भूमिकांत आहे का? पहिल्याचं उत्तर 'एकाचीही नाही' असेल तर आधी त्या ऑडिशन घ्यायला सांगा, आणि तुमची तारीख तोवर राखून ठेवा. सही झाली असेल आणि टीका सुरू झाली असेल तर खुलासा घाईने लिहू नका. टीका करणाऱ्यांपैकी त्या समूहातल्या दोघांशी आधी फोनवर बोला.

आणि नाकारलीत, तर नुसतं 'तारखा नाहीत' म्हणून सोडू नका. कारण सांगा, आणि त्या भूमिकेला योग्य वाटणाऱ्या दोन कलाकारांचे नंबर, त्यांना विचारून, कास्टिंगवाल्यांना पाठवा.